समुद्राला दार असते तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

समुद्राला दार नसते, असे आपण समजतो. जमिनीला कुंपण घालता येते, शेताला बांध घालता येतो. पण पाण्याला कोण अडवणार? किनाऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला तर हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या पडवीत बसून एका पाहुण्या बाईंनी जी हकिकत सांगितली, तिच्यावरून मला प्रथमच कळले की समुद्रालाही दार असते, त्या दाराला कडी असते, आणि ती कडी कधी लागेल हे पुष्कळदा आत जाणाऱ्याला अगोदर ठाऊक नसते.

बाई पुण्याच्या. माझा थोरला भाऊ मालवणात स्कुबाच्या बोटीवर कामाला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ आणि मासे दाखवणे हे त्याचे काम. त्या दिवशी वारा उठला म्हणून दुपारची फेरी रद्द झाली आणि दादा बाईंना घरी जेवायला घेऊन आला. भात आणि बांगड्याचे तिखले जेवता जेवता त्या म्हणाल्या, "आजची फेरी गेली याचे मला काही वाटत नाही. वाऱ्यापुढे कोणाचे चालते? पण २०११ साली मी थायलंडला गेले होते. तिथे वारा नव्हता, लाट नव्हती, समुद्र तळ्यासारखा होता. आणि तरी उद्या बोट कुठे जाणार हे कप्तानाला सांगता येत नव्हते."

दादाने घास हातातच ठेवला आणि विचारले, "असां कसां?"

त्या 'असां कसां'चे उत्तर शोधण्यासाठी मी पुढे बरेच वाचले, आमच्या भूगोलाच्या सरांकडून नकाशे घेतले. त्यातून जे समजले ते या लेखात मांडते आहे.

मुक्कामी बोट म्हणजे काय?

प्रथम ही सहल कशी असते ते पाहू. आमच्या मालवणात पर्यटक सकाळी बोटीत बसतो, बुडी मारतो आणि जेवायला परत किनाऱ्यावर येतो. परंतु जगातली कित्येक उत्तम प्रवाळस्थळे किनाऱ्यापासून इतकी लांब आहेत की एका दिवसात जाऊन येणे परवडत नाही. तिथे जाण्यासाठी जी बोट असते तिला 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. तिला आपण मुक्कामी बोट म्हणू. प्रवासी तिच्यावरच राहतात, जेवतात, झोपतात. बोट बहुधा रात्री चालते आणि सकाळी एखाद्या खडकाजवळ उभी राहते. दिवसाला तीन किंवा चार बुड्या, मध्ये जेवण आणि विश्रांती, असा चार-पाच दिवसांचा क्रम असतो.

ही बोट म्हणजे एक छोटा कारखानाच. पाणबुड्याच्या पाठीवरचे सिलिंडर साधारण बारा लिटरचे असते. त्यात दोनशे बार दाबाने हवा भरतात, म्हणजे सुमारे चोवीसशे लिटर हवा त्यात कोंबलेली असते. (सिलिंडरात प्राणवायू असतो हा समज चुकीचा आहे. असते ती साधी, गाळलेली, कोरडी हवा.) पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. त्यामुळे वीस मीटर खोलीवर माणूस दर श्वासाला पृष्ठभागापेक्षा तिप्पट हवा खर्च करतो. वर मिनिटाला वीस लिटर लागत असतील तर तिथे साठ लागतात; म्हणजे चोवीसशे लिटर चाळीस मिनिटांत संपले. प्रत्यक्षात त्याआधीच वर यावे लागते, कारण थोडी हवा शिल्लक ठेवावीच लागते. म्हणून प्रत्येक बुडीनंतर सिलिंडर पुन्हा भरण्याचा कॉम्प्रेसर बोटीवर घरघरत असतो, आणि त्याच्यापाशी राबणारा एक माणूस असतो.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. माणूस झटकन वर आला तर त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून सावकाश वर यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, दोन बुड्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यायची. अनेक बुड्या झाल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचे नाही, असाही दंडक आहे. यामुळे सहलीचे वेळापत्रक फार घट्ट बांधलेले असते. शेवटच्या दिवशी बुड्या कमी, परतीचे विमान दुसऱ्या दिवशी, हे सगळे निघण्यापूर्वीच ठरते. एक बुडी इकडची तिकडे करायची म्हटली तरी पुढचा सगळा हिशेब हलतो.

सिमिलानची वाट

बाई गेल्या होत्या त्या वाटेचा नकाशा पाहा. अंदमान समुद्राच्या पश्चिमेला आपली अंदमान बेटे, आणि पूर्वेला थायलंडचा फांगङा प्रांत. त्या किनाऱ्यावर खाओ लाक हे गाव आहे. तिथून साठ-सत्तर किलोमीटर आत सिमिलान बेटे लागतात. सिमिलान हा शब्द मलाय भाषेतल्या 'नऊ' या अर्थाच्या शब्दावरून आला असे सांगतात, कारण मूळची बेटे नऊ. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली. त्यांच्या उत्तरेला को बॉन आणि को ताचाई ही बेटे पुढे याच उद्यानात घेण्यात आली. ('को' म्हणजे थाई भाषेत बेट.) आणखी उत्तरेला सुरिन बेटांचे उद्यान आहे, ते १९८१ चे. त्याच्या पूर्वेला समुद्रातून जेमतेम डोके वर काढणारा रिशेल्यू रॉक नावाचा खडक सुरिन उद्यानाच्याच हद्दीत येतो.

चार दिवसांची मुक्कामी बोट याच क्रमाने जाते: सिमिलान, बॉन, ताचाई, रिशेल्यू. ही एक साखळी आहे. बॉनला पंख पसरल्यासारखे पोहणारे मोठे मांटा मासे दिसण्याची आशा, रिशेल्यूला जांभळ्या मऊ प्रवाळांनी मढलेला खडक. पाहुणा पैसे भरतो ते या चारही नावांवर. परंतु ही चारही नावे दोन सरकारी उद्यानांच्या हद्दीत आहेत. बोटीला परवाना लागतो, माणशी शुल्क भरावे लागते, आणि उद्यानाने 'नाही' म्हटले की कप्तानाच्या हातात काही उरत नाही.

कडी का लागते?

दार बंद होण्याची कारणे एक नाही, अनेक आहेत. ती वेगवेगळी समजून घेणे जरूर आहे, कारण प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

पहिले कारण ऋतूचे. जो नैऋत्य मोसमी वारा जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर आदळतो, त्याचाच मार तिकडच्या किनाऱ्यालाही बसतो. म्हणून सिमिलान आणि सुरिन ही उद्याने दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. ही बंदी सर्वांना पाठ असते. बोटी तेवढ्या काळात दुरुस्तीला काढतात, कामगार गावी जातात. या बंदीबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

दुसरे कारण प्रवाळांचे दुखणे. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राण्यांची वसाहत आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांच्यापासून त्याला अन्न आणि रंग मिळतो. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच मरतो असे नाही, पण उपाशी राहतो. २०१० साली अंदमान समुद्रात असे मोठे पांढरे पडणे झाले. त्यानंतर जानेवारी २०११ मध्ये थायलंडच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने सात सागरी उद्यानांतली अठरा बुडीस्थळे बंद केली. सिमिलानमधले 'ईस्ट ऑफ ईडन' हे सुप्रसिद्ध स्थळही त्यात होते.

इथे कोणी विचारील की पाणी तापले ते सूर्याने आणि धुराने, मग पाणबुड्याला का शिक्षा? उत्तर असे की आजारी माणसाला ताप आपण दिला नसला, तरी त्याच्या खोलीत गोंगाट करू नये. नवख्या पाणबुड्याच्या पायातल्या वल्ह्यांचा फटका, उडालेली वाळू, नांगराची साखळी, अंगाला चोपडलेली उन्हाची मलमे, यांतले एकेक निरोगी प्रवाळ सोशीलही. दुबळ्याला ते जड जाते. (ज्या मलमांतली द्रव्ये प्रवाळाला अपायकारक आहेत ती थायलंडने २०२१ पासून आपल्या सागरी उद्यानांत वापरू देणे बंद केले आहे.) शिवाय फांद्यांचा प्रवाळ वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढतो, पण गोळ्यासारखा भरीव प्रवाळ जेमतेम सेंटिमीटरभर. एका लाथेने मोडलेले भरून यायला एक आयुष्य लागते.

तिसरे कारण गर्दीचे. को ताचाईचा एवढासा वाळूचा किनारा माणसांनी भरून जाऊ लागला, तेव्हा २०१६ मध्ये ते बेट पर्यटकांना अनिश्चित काळासाठी बंद करण्यात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिमिलानला रोजची मर्यादा ठरली: ३,३२५ पर्यटक आणि त्याखेरीज ५२५ पाणबुडे. बेटांवरचा रात्रीचा मुक्कामही बंद झाला. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर हे आल्यामुळे सहलीच्या व्यावसायिकांनी निदर्शने केली. दुसऱ्या एका थाई उद्यानातल्या माया बे या उपसागराची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. २००० सालच्या एका इंग्रजी चित्रपटामुळे तो जगप्रसिद्ध झाला आणि गर्दीने गुदमरला. १ जून २०१८ ला तो चार महिन्यांसाठी बंद केला. चार महिन्यांचे पुढे 'अनिश्चित काळ' झाले, आणि तो उघडला १ जानेवारी २०२२ ला. या साडेतीन वर्षांत तिथे काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत आले. आता तिथे बोटी उपसागरात शिरत नाहीत, मागच्या बाजूला लागतात, आणि दरवर्षी काही आठवडे विश्रांती ठरलेली असते. म्हणजे बंदीचा उपयोग झाला, यात शंका नाही.

चौथे कारण अवचित घटनेचे. इजिप्तमध्ये लाल समुद्रातली ब्रदर्स बेटे मुक्कामी बोटींचे आवडते ठिकाण. तिथे शार्कने पाणबुड्यांना चावे घेतल्याच्या घटना घडल्यामुळे डिसेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ ही बेटे बंद राहिली आणि बोटींना मार्ग बदलावे लागले. २०२० मध्ये कोविडच्या साथीने तर जगातली बहुतेक सगळीच दारे लागली.

एक कडी निखळली की

आता बाईंच्या सहलीकडे वळू. त्यांनी पैसे भरले होते आदल्या पावसाळ्यात. बंदीची बातमी आली जानेवारीच्या उत्तरार्धात, आणि त्यांची बोट सुटायची होती फेब्रुवारीत. कंपनीचे पत्र आले: सहल होईल, पण मार्ग बदलू शकेल. बदलला तर कोणता, हे पत्रात नव्हते. 'स्थळ बंद' म्हणजे नेमके काय, जवळून जाता येईल की नाही, बाजूच्या खडकाला चालेल का, हे पहिल्या रात्री बोटीवरही कोणाला नक्की ठाऊक नव्हते. रोज संध्याकाळी कप्तान दुसऱ्या बोटींशी आणि उद्यानाच्या चौकीशी रेडिओवर बोले आणि मग फळ्यावर खडूने उद्याची नावे लिही. एकदा लिहिलेली नावे रात्री पुसून दुसरी लिहिली गेली.

"मग तुमचे पैसे फुकट गेले?" मी विचारले. बाई म्हणाल्या, "नाही गं. मला एक स्थळ मिळाले नाही, दुसरे मिळाले. मी काय, गोष्ट सांगायला परत आले. पण आमच्या सिलिंडरात हवा भरणारा एक मुलगा होता, दादाच्याच वयाचा. त्याला पगार नव्हता, फेरीवर मजुरी होती. शेवटच्या दिवशी त्याने मला मोडक्या इंग्रजीत विचारले की तुमच्या देशातले लोक पुढच्या आठवड्यात येणार आहेत का. मला काय माहीत? पण त्याला विचारायला दुसरे कोणी नव्हते."

त्यांच्या हकिकतीतून दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. पहिली अशी की एक स्थळ बंद झाले तरी बोटी कमी होत नाहीत. त्या उरलेल्या स्थळांवर जातात. कालपर्यंत एका खडकावर पाच बोटी असत तिथे आज आठ होतात, आणि ज्या गर्दीपासून प्रवाळ वाचवायचा तीच गर्दी शेजारच्या प्रवाळावर जाऊन पडते. म्हणून काही स्थळे बंद करताना उरलेल्यांवर किती बोटी चालतील हेही त्याच दिवशी ठरवावे लागते. २०१८ ची मर्यादा कडक वाटली तरी तिच्यामागे हे शहाणपण होते.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेच्या ओझ्याची. ते सगळ्यांच्या खांद्यावर सारखे पडत नाही. पर्यटकाची सुटी बिघडते. मालकाचा नफा घटतो, पण तो आधीच घेतलेल्या पैशांवर काही काळ तग धरतो. स्वयंपाकी, इंजिनवाला, हवा भरणारा आणि पाण्यात उतरून वाट दाखवणारा, यांची फेरी बुडाली की त्या दिवसाची चूल बुडते. आणि उद्यानाविषयी कोणाच्या मनात अढी बसते? नेमकी यांच्याच. जो माणूस रोज पाण्याखाली जातो, मोडका प्रवाळ पहिल्यांदा पाहतो, चोरून टाकलेले जाळे पहिल्यांदा पाहतो, तोच उद्यानाचा वैरी झाला तर रक्षण करणार कोण?

तुब्बाताहाचा धडा

याच विषयाची दुसरी बाजू फिलिपाइन्समध्ये पाहायला मिळते. सुलू समुद्राच्या मध्यावर, पलावान बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सेसा शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर तुब्बाताहाचे प्रवाळ आहेत. तिथे वस्ती नाही, हॉटेल नाही. मुक्कामी बोटीशिवाय पाणबुड्यांना दुसरी सोय नाही. बोट रात्रभर, दहा-बारा तास चालते तेव्हा सकाळी ते प्रवाळ दिसतात. १९८८ मध्ये हे राष्ट्रीय सागरी उद्यान झाले आणि १९९३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. सत्त्याण्णव हजार हेक्टरांवर पसरलेल्या या उद्यानात मासेमारी पूर्ण बंद आहे.

बुड्यांचा हंगाम फक्त मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. पण तो ठरलेला आहे. बोटीने आधी परवाना काढायचा, माणशी संवर्धन-शुल्क भरायचे, नांगर न टाकता बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयांना लागायचे. समुद्राच्या मध्यावर एका वाळूच्या पट्टीजवळ रक्षकांची चौकी आहे. तिथे उद्यानाचे रक्षक, नौदल, तटरक्षक दल आणि कागायान्सियो या जवळच्या बेट-पालिकेची माणसे पाळीपाळीने बारा महिने राहतात.

या कागायान्सियोचे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पूर्वी उन्हाळ्यात तिथले कोळी आपल्या होड्यांतून तुब्बाताहाला मासे मारायला जात. उद्यान झाले आणि त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणी बंद झाले. पण पाणबुड्यांकडून येणाऱ्या शुल्काचा काही भाग त्यांच्या गावाला देण्याचे ठरले, आणि उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळात गावाला जागा मिळाली. ज्याचे पाणी गेले त्याला किल्लीत वाटा मिळाला, असे थोडक्यात म्हणता येईल.

संकटे तिथेही आली. १७ जानेवारी २०१३ ला 'गार्डियन' हे अमेरिकन नौदलाचे जहाज दक्षिण प्रवाळकड्यावर चढून अडकले. ते तुकडे तुकडे करून हलवावे लागले. २,३४५ चौरस मीटर प्रवाळ उद्ध्वस्त झाला, आणि अमेरिकेने पुढे त्याची भरपाई दिली. तेव्हा दार नुसते पर्यटकांना बंद करून समुद्र सुरक्षित होतो असेही नाही. पहारा लागतो, आणि पहाऱ्याला माणसे लागतात.

आपल्या अंगणात

हे सगळे दूरदेशीचे झाले. पण मालवणच्या मुलीला ते दूरचे वाटत नाही. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे पाणी त्यातच येते. माझे आजोबा सांगत की रापणीच्या माणसांना आपल्या पाण्यात नेमके काय चालेल आणि काय चालणार नाही, हे कोणी बसून समजावले नाही. नकाशावर रेघ आली आणि तिच्याबरोबर धास्ती आली. आमच्याकडे अभयारण्याचे नाव काढले की अजून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, तिचे मूळ मला तिथे दिसते. कोळ्याला प्रवाळ नको असतो असे नाही. प्रवाळ गेला की मासा गेला, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दादाचाही अनुभव सांगते. मी बारावीत होते त्या वर्षी ऐन डिसेंबरात त्याची बोट वरच्या हुकमावरून उभी राहिली. कागद कोणता अपुरा हे एका कचेरीत एक सांगत, दुसऱ्या कचेरीत दुसरे. 'उद्या या' हे उत्तर तीन आठवडे मिळाले. त्याने त्याच हंगामाच्या भरवशावर कॉम्प्रेसरमध्ये भागी घेतली होती. माझ्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाचे पैसे त्यामुळे मावशीकडून आणावे लागले. उलट पावसाळ्यात तीन महिने बोट बंद असते तेव्हा घरात कोणी हाय खात नाही. यांत्रिक नौकांची मासेमारी जून-जुलैत बंद असते, तेव्हा बाबा जाळी विणतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. बाबा म्हणाले, "वारो काय सांगान येणा नाय. माणसान तरी सांगूक व्हया."

आणि उद्याचा विचार करा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक नावाचे प्रवाळांचे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचा सर्वांत उथळ भागसुद्धा पाण्याखाली वीसएक मीटर आहे. इतक्या लांब बुडी मारायला जायचे तर मुक्कामी बोटच हवी. अभ्यासक त्याला संरक्षण मागत आहेत, आणि पर्यटनाचीही चर्चा अधूनमधून होते. ते बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर असल्यामुळे कायदाही वेगळा लागेल. उद्या त्या दाराला कडी बसवायची झाली, तर कोणासारखी बसवायची, जानेवारी २०११ सारखी की तुब्बाताहासारखी, हे आजच ठरवायला हवे.

मला काय वाटते

कोणी म्हणेल की निसर्गाला तारीख विचारता येत नाही. पांढरा पडलेला प्रवाळ किती दिवसांत रंग धरील हे कोणता अधिकारी सांगणार? हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच प्रवाळ आजारी असताना दार बंद करण्याच्या विरुद्ध मी नाही. माझे मागणे लहान आहे. उघडण्याची तारीख देता येत नसेल, तर पुन्हा पाहणी करण्याची तारीख द्यावी. अमुक दिवशी आम्ही पाण्यात उतरू, अमुक गोष्टी तपासू, त्या जमल्या तर उघडू, नाही तर पुढची तारीख सांगू, एवढे जरी फळ्यावर लिहिले तरी माणूस तग धरतो. बंद काळातल्या पाहणीचे काम त्याच बोटींच्या माणसांना मजुरीवर द्यावे. पाण्याखाली काय पाहायचे हे त्यांना कळते. आणि शुल्कातला वाटा किनाऱ्याच्या गावाला मिळावा. यात प्रवाळाचे नुकसान कुठेच नाही.

बाई निघताना दादाने त्यांना विचारले, "त्या मुलाचां पुढे काय झाला?" त्यांना ठाऊक नव्हते. दादा मग बराच वेळ काही बोलला नाही. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा तो सिलिंडर भरायला जेटीवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी होती, आणि त्या दिवशी तरी दार उघडे होते.